सात, आठ, नऊ

बेबीताई मडावींच्या डेटाबेसला मी पहिल्याच दिवशी, त्यांच्या तोंडावर, मढं म्हणालो.

खोटं नव्हतं ते. ज्या कंपनीनं तो बनवला तिनं सोळा वर्षांपूर्वी त्याच्यावरून हात काढून घेतला होता. दुरुस्त्या बंद, सुरक्षेचे पॅच बंद, बिघडलं तर विचारायला माणूस नाही. ज्या कॉम्प्युटरवर तो चालायचा त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. इंटरनेटची वायर बेबीताईंनी स्वतः कात्रीनं कापली होती, व्हायरस येऊ नये म्हणून.

"मढं आहे तर मग रोज सकाळी उठून मले रिपोर्ट कोण देते?" त्या म्हणाल्या. "बस. चहा घे. नाव काय तुझं?"

"सुगत गजभिये."

"गाव?"

"तुमसर."

"शिकला किती?"

हा प्रश्न मला आवडत नाही. मी दहावी आहे. आयटीआय अर्धवट सोडलं. डेटाबेस शिकलो ते मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर बसून, फुकटचे व्हिडिओ बघून. आता कंपनीतले इंजिनिअर जिथं अडकतात तिथं मला धाडतात आणि माझ्या ओळखपत्रावर लिहितात, कंत्राटी सहायक. मी हे सगळं तसंच सांगून टाकलं.

"मग आपण सारखेच," बेबीताई म्हणाल्या. "मी बी बारावी नापास. हा डबा मीच पुस्तकात पाहून पाहून उभा केला."

कोसमटोला नावाचं गाव नकाशात शोधू नका. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. गडचिरोलीकडच्या जंगलपट्ट्यातलं एक सिकलसेल केंद्र, एवढं पुरे. एका ट्रस्टचं. बेबीताई तिथं सव्वीस वर्षं रक्त तपासत होत्या आणि नोंदी ठेवत होत्या. एक्केचाळीस हजार माणसं, त्यातले तेराशे सोळा रुग्ण. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची सून, कुणाचं रक्त कसं, सगळं त्या घरघरणाऱ्या डब्यात.

सिकलसेल म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या कंपनीतल्या अर्ध्या लोकांना ते माहीत नव्हतं आणि तरी ते त्याचं सॉफ्टवेअर विकत होते. रक्ताला लाल करणारं जे प्रथिन, ते बनवायची कृती जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एक अक्षर बदललं की गोल पेशी कोयत्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक नसांत अडकतात. मग हाडं फोडल्यासारखी दुखतात, प्लीहा निकामी होते, माणूस बरेचदा चाळिशी गाठत नाही. या कृतीच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो वाहक, धडधाकट जगतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तर रुग्ण. म्हणजे रुग्ण लेकराच्या आईकडेही आणि बापाकडेही निदान एक बिघडलेली प्रत असलीच पाहिजे. हे शेवटचं वाक्य पक्कं धरा.

त्या वर्षी सुई आली होती. लोक नुसतं सुईच म्हणायचे. जनुक दुरुस्त करणारं औषध, चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरलेलं. शिरेतून दिलं की हाडांच्या मगजात पोचतं आणि ते चुकलेलं एक अक्षर बदलतं. जन्मात एकदा घ्यायची. चार महिन्यांत नव्या पेशी गोल निघायला लागतात. आमच्या तालुक्याला पहिल्या खेपेला चाळीस सुया मिळणार होत्या, मग दर महिन्याला चाळीस. अट एकच. कोणाला आधी द्यायची ती यादी 'पूर्णा' काढणार. ज्या केंद्राच्या नोंदी महिनाअखेर पूर्णावर नाहीत त्याला सुई नाही.

पूर्णा म्हणजे आमचं नवं सॉफ्टवेअर. जुना डेटाबेस हे कपाट असतं. ठेवाल तेवढंच सापडतं; रिकामा खण रिकामाच राहतो. पूर्णाला रिकामा खण चालत नाही. आजूबाजूच्या हजार खणांत काय आहे ते बघून या खणात काय असायला हवं ते ती काढते. आजीचा, मामाचा, तीन भावंडांचा रिपोर्ट मिळाला की चौथ्याचं रक्त न तपासता सांगते, आणि शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर सांगते. नोंदींचा मेळ बसला नाही की घरच्यांच्या आणि गावातल्या आशाताईच्या फोनवर आपोआप संदेश जातो: अमुक नोंद संशयास्पद, फेरतपासणीला या. तोवर ते नाव यादीतून बाजूला.

मला पूर्णा आवडते. आजही. ज्यांनी तिचं गणित बांधलं त्यांच्या डोक्याला माझा सलाम आहे. ज्यांनी तिला विकलं त्यांच्याबद्दल नंतर बोलू.

नोंदी हलवायच्या आधी रंगीत तालीम करतात. सगळ्या नोंदींची प्रत घ्यायची, माझ्या लॅपटॉपवर पूर्णाला खाऊ घालायची आणि काय निघतं ते पाहायचं. तालमीत संदेश बाहेर जात नाहीत. एक्केचाळीस हजार माणसं पूर्णानं वीस मिनिटांत वाचली आणि कधीच न तपासलेल्या तीन लेकरांची नावं समोर ठेवली. हे तिघं बहुधा रुग्ण आहेत, तपासा. त्यातली एक नदीपलीकडच्या गावातली चार वर्षांची पोर.

बेबीताई दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढून गेल्या. दुपारी आल्या, हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"निघाली," त्या म्हणाल्या. "माय म्हणे पोरगी आळशी आहे, चालायला मागत नाही. आळशी कायची, पाय ठणकतात तिचे. बाई हुशार आहे हं तुझी."

मला एवढा चेव आला की मी दुसरी यादी छापूनच त्यांच्यापुढं ठेवली. मथळा होता, 'नातं संशयास्पद'. चौदा नावं. म्हटलं ही पण बघा, पूर्णानं काय काय पकडलंय.

त्यांनी पहिली तीन नावं वाचली. कागद पालथा घातला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"हे कोणं पाह्यलं?"

"मी."

"आखीन?"

"कोणी नाही. संध्याकाळी कौस्तुभ सरांना पाठवणार आहे." कौस्तुभ सर म्हणजे आमचे पुण्याचे प्रमुख.

"पाठवू नको. इकडं ये."

त्यांनी आपला जुना डबा उघडला. 'वडिलांचा रिपोर्ट' असा एक रकाना होता. त्यात रक्ताचे प्रकार होते आणि मधून मधून नुसते आकडे. सात, आठ, नऊ. ते मी आधीच पाहिले होते. हे आकडे म्हणजे माहिती नाही असं समजून मी तिन्ही पुसले होते आणि रकाने रिकामे करून पूर्णाला दिले होते. कुठल्याही इंजिनिअरनं हेच केलं असतं. पुस्तकात हेच लिहिलंय.

"सात म्हणजे, आपण विचारलंच नाही," बेबीताई म्हणाल्या. "नऊ म्हणजे, विचारलं, पण त्याले माहीत नाही. आणि आठ म्हणजे, विचारलं, माहीत आहे, सांगायचं नाही."

मी लॅपटॉपवर ते पुसलेले रकाने उघडले.

"पहिली दोन वर्षं माझ्याकडं एकच रिकामा होता. तालुक्यावरून कोणीतरी आलं, म्हणे ताई, एवढे रकाने रिकामे काहून? भरा. त्यांनी एका बाईच्या दारात तीनदा माणूस धाडला. नवऱ्याचा रिपोर्ट सांगा, नवऱ्याचा रिपोर्ट सांगा. सासूसमोर."

"मग?"

"मग ती बाई त्या गावात राह्यली नाही." त्यांनी कागदावरचा ग्लास नीट केला. "तवापासून माझे रिकामे तीन आहेत. रिकामं रिकामं सारखं नसते, सुगत."

मी या धंद्यात अकरा वर्षं आहे. मोठमोठ्या बँकांचे, विमा कंपन्यांचे डेटाबेस आतून पाहिलेत. परदेशात शिकून आलेल्यांनी बांधलेले. त्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. माणसाला न सांगण्याचा हक्क आहे आणि त्या हक्कालाही रकान्यात जागा पाहिजे, हे कोसमटोल्याच्या एका बारावी नापास बाईनं दोन आकड्यांच्या मधे बसवलं होतं. मला शरम वाटली आणि रागही आला. राग कोणाचा ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

एक्केचाळीस हजारांत आठ होते एकसष्ट.

त्या पालथ्या कागदावरचं तिसरं नाव दामिनी तुलावी. वय एकोणीस, रुग्ण. प्लीहा काढलेली, त्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात, एकदा व्हेंटिलेटरवर. सुईच्या यादीत तिचं नाव पहिल्या वीसात येणार हे पूर्णाशिवायही कळत होतं. आई मीरा, वाहक. वडील रामदास, आठ. मी तो आठ पुसला तशी पूर्णा कामाला लागली. रामदासचे आईवडील निर्दोष, तिन्ही भाऊ निर्दोष, म्हणजे रामदास निर्दोष. आणि बाप निर्दोष असेल तर लेकरू रुग्ण होऊ शकत नाही. नातं संशयास्पद. मीराला संदेश, रामदासला संदेश, आशाताईला संदेश, आणि पोरगी यादीतून बाहेर.

पूर्णा चुकली नव्हती. घोळ तोच होता.

"सोपं आहे ताई," मी म्हणालो. "रामदासच्या रकान्यात वाहक लिहून टाका. रकाना भरला की पूर्णा गप्प बसते."

"सव्वीस वर्षांत मी एक खोटी नोंद केली नाही."

"एकीनं काय होतं?"

"करून दाखव. तुझ्या तालमीत."

केली. पूर्णानं लगेच रामदासच्या आईवडिलांचे रिपोर्ट संशयात टाकले. मुलगा वाहक म्हणजे दोघांपैकी एकाचा रिपोर्ट चुकीचा. मग तिन्ही भाऊ संशयात, त्यांची पोरं संशयात. नऊ माणसं. त्यात मोठ्या भावाची एकवीस वर्षांची मुलगी, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेली. आमच्याकडं लग्नाआधी सिकलसेलचं कार्ड मागतात.

"एक खोटं पचवायले तिनं पुरं घर खाल्लं," बेबीताई म्हणाल्या. "माझा आठ कोणाले खात नव्हता."

कौस्तुभ सरांना मी फोन केला. नाव सांगितलं नाही, फक्त म्हणालो, पूर्णाला 'सांगायचं नाही' असा एक प्रकार शिकवायला पाहिजे.

"सुगत, इट्स जस्ट अ नल, यार. रिकामं ते रिकामं."

"नाही सर. तीन प्रकारचं असतं."

"आणि तो प्रकार घातला की अॅक्युरसी किती पडते?"

"अंदाजे शून्य पूर्णांक तीन."

"करारात नव्याण्णव टक्के लिहिलंय. तू खाली नेणार? लेगसी सिस्टिमवाल्या मावश्यांच्या नादी लागू नकोस. सही घे आणि निघ."

सही. ती बेबीताईंची लागणार होती. ट्रस्टच्या नियमात नोंदी सांभाळणाऱ्याच्या सहीशिवाय नोंदी कुठंही जात नाहीत. हा नियमही बहुधा त्यांनीच घालायला लावला असावा.

त्यांनी सही केली नाही.

महिना संपायला नऊ दिवस होते. कोसमटोल्यात बातमी पसरायला एक दिवस पुरला. ताईनं सुई अडवली. का, तर एकसष्ट लोकांनी काहीतरी सांगितलं नाही म्हणून. मार्च चालू होता, सगळं गाव सकाळी मोहफुलं वेचायला जंगलात, आणि दुपारी केंद्राच्या व्हरांड्यात. एकानं, त्याचा मुलगा सात वर्षांचा, मांडीवर झोपलेला, सरळ विचारलं:

"एकसष्ट जणांच्या लाजेपायी माझं पोरगं मारता का ताई?"

बेबीताईंनी त्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून बघितला, ताप आहे म्हणाल्या, आणि त्याला आत नेऊन सलाईन लावलं. मला वाटलं होतं की आता त्या मोडतील. मी मोडलो असतो. तेराशे सोळा माणसांचा रोष अंगावर घेऊन एखादी बाई शांतपणे सलाईनचे थेंब मोजते हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रामदास तुलावी आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हाताला मोहाचा चिकट वास. मी कोपऱ्यात लॅपटॉपवर होतो.

"हा पोरगा?" त्यानं विचारलं.

"त्याले माहीत आहे. मशीननं सांगितलं."

तो स्टूल ओढून बसला.

"ताई, माझा आठ काढा."

"काहून?"

"माझ्यापायी लोकांचं अडून राह्यलं. दामिनीचं बी." तो जमिनीकडं बघत होता. "एकोणीस वर्षं झाली असतील. तुम्ही शाळेत लाल-पांढरे वाल मांडून शिकवलं होतं. दोन लाल दाणे कुठून कुठून येतात. मी मागच्या बाकावर होतो. माझा रिपोर्ट खिशात होता, त्यात एकबी लाल नव्हता. पोरगी तवा तीन महिन्यांची, तिचे दोन्ही लाल."

बेबीताईंनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला.

"मीराले माहीत नाही, की मले माहीत आहे. तिले कळू नये, एवढंच. बाकी मशीनले काय लिहायचं ते लिहा."

"तुझा आठ काढला तर संदेश मीराच्या बी फोनवर जाते, रामदास."

त्यानं मोहाचे चिकट हात गुडघ्यांवर पुसले. बाहेर कोणीतरी हँडपंप मारत होतं.

"मग खोटं लिहा."

"तुझ्या भावाची पोरगी जाते त्यात. साक्षगंध झालं तिचं."

"मग काय करू मी?" आवाज चढला नव्हता त्याचा. "पोरगी माझी आहे ताई."

"नाही कोण म्हणते?"

"मशीन म्हणते."

बेबीताईंनी माझ्याकडं पाहिलं.

"मशीन कोणाची आहे बे ती? तुमचीच ना? मग शिकवा तिले."

तो गेल्यावर मी कंपनीला न विचारता पूर्णाला हात घातला. तीन दिवस लागले. आधी वाटलं, रकाना बंद केला की झालं. पण नुसतं दार लावून भागत नव्हतं, पूर्णा खिडकीतून डोकावायची. रामदासचा रकाना बंद ठेवला तरी ती भावांवरून, आईवडिलांवरून घरात शिरायची आणि तोच निष्कर्ष काढायची. तेव्हा मी तिला नियम घातला की जिथं आठ आहे तिथं थांबायचं. तो रकाना काढायचा नाही, त्याच्यावरून दुसरं काही काढायचं नाही, आणि ज्यातून तो उघडा पडेल असा मेळही तपासायचा नाही. त्याच्यामुळं कुणाचं नावही बाजूला ठेवायचं नाही. बाकी सात आणि नऊ तुझे, पाहिजे तेवढी हुशारी कर.

यात एक गोष्ट मला खाऊन गेली. हे करणं अवघड नव्हतं. पूर्णासारखं यंत्र बांधणाऱ्यांना हे एका आठवड्यात जमलं असतं. त्यांनी केलं नाही, कारण त्यांच्या खोलीत अशी कोणी बसलीच नव्हती जिला सासूसमोर कोणी तीनदा काही विचारलं असेल.

महिना संपायला दोन दिवस असताना जिल्ह्याला बैठक झाली. कार्यक्रम प्रमुख डॉ. वासनिक मॅडम, पुण्याहून आलेले कौस्तुभ सर, बेबीताई आणि मी. बेबीताई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, हातात फाईल नव्हती.

"मॅडम, एकसष्ट रेकॉर्ड म्हणजे एकूणच्या पॉइंट वन फाइव्ह परसेंट," कौस्तुभ सर म्हणाले. "एवढ्यासाठी सगळा प्रोजेक्ट थांबवणं, आय मीन, हे भावनिक होतंय."

"सर," बेबीताई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा सिकलसेल रिपोर्ट काय आहे जी?"

"माझ्या? मला काय माहीत."

"मग तुम्ही नऊ. मी नऊ लिहिलं असतं आणि सोडून दिलं असतं. तुमची मशीन काहीतरी लिहून मोकळी झाली असती."

डॉक्टरबाई हसू दाबत होत्या. बेबीताई त्यांच्याकडं वळल्या.

"मॅडम, मले एकच सांगा. मी शिकलेली नाही. सुई पोरीले द्यायची का तिच्या बापाले?"

"पोरीला."

"मग बापाचा रिपोर्ट कायले लागते?"

डॉ. वासनिकांनी पेनाचं टोपण काढून परत लावलं. त्या चांगल्या डॉक्टर होत्या, आणि चांगल्या डॉक्टरला जेव्हा कळतं की हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला पाहिजे होता, तेव्हा ते चेहऱ्यावर येतं.

"लागत नाही," त्या म्हणाल्या. "रुग्णाचा स्वतःचा रिपोर्ट पुरतो. कौस्तुभ, आपण बापाचा रकाना यादीसाठी अनिवार्य का केलाय?"

"मॉडेलसाठी, मॅडम. डेटा कम्प्लीट असला की मॉडेल चांगलं चालतं."

"म्हणजे औषधासाठी नाही."

"तसं स्ट्रिक्टली नाही. पण आता बदल करायचा तर तीन महिने धरा. टेस्टिंग, अप्रूव्हल…"

"झालाय बदल," मी म्हणालो आणि लॅपटॉप टेबलावर ढकलला.

कौस्तुभ सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू खुर्ची बोलली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"हे आमचं सॉफ्टवेअर आहे, सुगत. तू कंत्राटी आहेस."

"नोंदी तुमच्या नाहीत पण."

डॉ. वासनिकांनी दोघांनाही गप्प केलं. इथंच, आत्ता चालवून दाखव, म्हणाल्या. वीस मिनिटं चौघंही स्क्रीनवर सरकणाऱ्या पट्टीकडं बघत बसलो. पूर्णानं तीच तीन लेकरं काढली. सुईची यादी काढली. संशयास्पद नात्यांच्या चौदा नावांपैकी अकरा नाहीशी झाली, तीन उरली.

"ही तीन?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

बेबीताईंनी चष्मा लावून नावं वाचली. "यांनी कोणी आठ दिला नव्हता. एकाच शिबिरातली आहेत तिघं." त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी माझ्याच नळ्या अदलाबदल झाल्या असतील. चूक माझी. मी उद्या जाऊन परत रक्त घेतो."

सव्वीस वर्षांच्या कामातली आपली चूक, पाहुण्यांसमोर, मशीनच्या तोंडून ऐकून ही बाई मान डोलावत होती. शिकलेली माणसं असं करताना मी आयुष्यात फार कमी पाहिलीत.

डॉ. वासनिकांनी अचूकतेचा आकडा विचारला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ. "चालेल," त्या म्हणाल्या आणि करारातल्या त्या कलमावर रेघ मारून बाजूला सही केली. मग कागद बेबीताईंकडं सरकवला. बेबीताईंनी चारही पानं वाचली. सगळी, सावकाश. मग सही केली.

माझं कंत्राट रद्द झाल्याचा मेल मला परतीच्या बसमध्ये आला. बेबीताई शेजारी होत्या. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "केंद्रात जागा आहे. काम लई आहे, कौतिक कमी."

कंपनीनं पुढच्या आवृत्तीत माझाच नियम घातला. माहितीपत्रकात त्याला भारी नाव दिलं, त्याखाली कौस्तुभ सरांचा हसरा फोटो. बेबीताईंचं नाव कुठंच नाही. ते इथं लिहितोय: बेबी मडावी, केंद्र कोसमटोला. नाव बदललेलं आहे, पण त्यांना कळेल.

जूनमध्ये पहिल्या चाळीस जणांना सुई दिली. दामिनीचा नंबर अकरावा होता. ती आत पलंगावर, हातात सलाईन, मोबाईलवर मैत्रिणीशी भांडत होती. मीरा आणि रामदास बाहेर बाकावर, दोघांच्या मधे कपड्यांची पिशवी.

मी रजिस्टरशी बसलो होतो. मीरा उठून टेबलाजवळ आली. रामदासकडं पाठ करून उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात बेबीताईंना म्हणाली:

"ताई, फॉर्मवर बापाच्या रिपोर्टचं विचारते काय?"

"नाही विचारत."

"ते नवीन मशीन…"

"तिथं आठ आहे मीरा. आठच राहते."

"मी तवा तुमाले सांगितला होता, तोच?"

"तोच," बेबीताई म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. रामदासचा म्हणून धरलेला आठ मीराचाही होता. बेबीताईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या पुढच्या फॉर्मवर तारीख लिहीत होत्या.

मीरा बाकावर जाऊन बसली. रामदासनं पिशवी उचलून पलीकडं ठेवली, म्हणजे तिला टेकायला जागा होईल.

"काय म्हणे ताई?"

"काही नाही. आखीन काही लागत नाही म्हणे."

"मग झालं," रामदास म्हणाला. दोघं दामिनीच्या दाराकडं बघत बसले. दोघांचेही खांदे एकाच वेळी सैल झाले, आणि ते दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.